हिच्या हाडांचं औषध

३ फेब्रुवारी २००५, गुरुवार

सुताच्या व्यापाऱ्याने दिलेली ही डायरी महिनाभर गल्ल्याशेजारी कोरी पडली होती. जुन्नरच्या पेठेतलं आमचं कापडाचं दुकान आता मुलगा प्रितम बघतो, वह्याही त्याच्याच. मला लिहायला काही उरलं नव्हतं. आज आहे.

हिला घेऊन नारायणगावला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. दिवाळीत घसरून उजवं मनगट मोडलं होतं. ते जुळलं, पण बोटं अजून पुरती मिटत नाहीत, आणि पाठ दुखायची थांबेना. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. म्हणाले, "शेटजी, मणके विटांसारखे एकावर एक असतात. ही वीट बघा, पुढून चेपलीय. पडल्यामुळे नाही, आपोआप. हाडं आतून जाळीसारखी झालीत."

पन्नास वर्षं कापड विकलं. विरलेलं कापड मला डोळे मिटून कळतं. हिच्या पाठीवरून कधी हात फिरवला असता तर हेही कळलं असतं की काय, कुणास ठाऊक. आमच्यात तशी रीत नाही.

औषध म्हणजे आठवड्यातून एक गोळी. सकाळी उपाशीपोटी, मोठा पेलाभर साध्या पाण्याबरोबर गिळायची. मग अर्धा तास काही खायचं नाही आणि आडवं व्हायचं नाही. डॉक्टर दोनदा म्हणाले, "आडवं व्हायचं नाही, हे विसरू नका."

ही मला कोपराने ढोसत होती. एस.टी. स्टँडवर आल्यावर म्हणाली, "नवकारसीचं विचारलं नाहीत."

वही कुणाच्या हाती पडली तर कळावं म्हणून लिहितो. सूर्य उगवल्यावर अठ्ठेचाळीस मिनिटं होईतो पाण्याचा थेंबही तोंडात घ्यायचा नाही, ही आम्हा जैनांची नवकारसी. हिने हा नेम माहेराहून आणलाय, बाळंतपणातसुद्धा मोडला नाही.

"त्यात विचारायचं काय? मी बसवतो सगळं," मी म्हणालो.

आमच्या घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो. चौथी शिकलेला माणूस, मिलच्या गठ्ठ्यांवरचे शिक्के वाचत वाचत शिकलो. उरलेलं काम शब्दकोश करतो. विचारायची सवय कधी लागलीच नाही.

६ फेब्रुवारी, रविवार

पहिली गोळी. सात वाजून त्रेपन्न मिनिटांनी नवकारसी पाळून झाली, तेव्हा मी स्वतः पेला हातात दिला. उकळून गार केलेलं पाणी, काठोकाठ. हिने सगळं प्यायलं.

लगेच सामायिकाला बसवली. आसन घालून, तोंडाला मुहपत्तीचं कापड बांधून अठ्ठेचाळीस मिनिटं स्वस्थ बसायचं. डॉक्टर म्हणतात अर्धा तास, आमचं सामायिक त्याहून अठरा मिनिटं लांब! रोजच्या सत्तावीस वंदनाही त्यातच उरकल्या. गुडघे टेकून, हात जोडून, कपाळ जमिनीला लावून सत्तावीस वेळा. पाठ दुखत असली तरी एक सोडत नाही. तेवढ्यात अर्धा तास कसा गेला तेही कळलं नाही, आडवं व्हायचा तर प्रश्नच नाही.

प्रितमला म्हणालो, "बघ, आपल्या धर्मात आधीच सगळं बसवून ठेवलंय."

तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही डॉक्टरच व्हायचात."

मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१३ मार्च, रविवार

सहावी गोळी. छातीत जळजळतं म्हणते. मी म्हणालो, सुनेने शेवभाजीत मिरची जास्त घातली असेल. ही उठून आत गेली. दुपारी दोन घोट दूध पिऊन बसून राहिली.

२० मार्च, रविवार

आज गोळी घेताना हात मागे घेतला. "आजच्या दिवस राहू दे ना."

"पाठीत दुसरी वीट चेपली म्हणजे मग?" मी जरा मोठ्याने बोललो. सून स्वयंपाकघरातून बघत होती. हिने गोळी घेतली, पाणी प्यायली, आसनावर बसली आणि वंदना सुरू केल्या. तिसऱ्या वंदनेला कपाळ टेकलं ते जरा वेळ वर आलंच नाही. मला वाटलं, भक्तीत रमली.

१७ एप्रिल, रविवार

काय लिहू. गेले आठ दिवस घास गिळवत नाही तिला. भाकरी दुधात कुस्करून, तीही एकेक घोट. मला सांगितलं नाही. साळुबाईला सांगितलं.

साळुबाई म्हणजे आमची दूधवाली, वेशीबाहेर तिचं रान आहे. चाळीस वर्षं लुगडी आमच्याकडचीच नेते. स्वतः कमरेत काटकोनात वाकली आहे, पण बोलणं सरळ. दुकानात येऊन सगळ्या गिऱ्हाइकांदेखत म्हणाली, "ओ शेट, बायकूच्या नरड्यात इस्तू पेटलाय आन् तुमी हितं वार मोजत बसलाय व्हय? तिला दागदराकडं न्या आदी."

गिऱ्हाईक हसलं. मी पिशवी शोधायच्या निमित्ताने आत गेलो.

२३ एप्रिल, शनिवार

पुण्याला दुर्बीण घालून तपासलं. अन्ननलिकेला जखम आहे. गोळी तिथे टेकून राहिली किंवा वर आली, की असं होतं म्हणे. गोळी बंद. आधी पोटाच्या औषधांनी जखम भरू द्यायची.

नारायणगावचे डॉक्टर विचारत होते, "पाणी पुरेसं घेत होता ना? झोपत तर नव्हता?"

"नाही नाही," मीच बोललो. "अर्ध्याच्या जागी पाऊण तास बसून असायची."

मग त्यांनी दुसरे रस्ते सांगितले. एक गोळी आहे, पण तिने पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती. प्रितमच्या वेळी हिचा पाय असाच सुजला होता, म्हणून ती नको. एक रोज टोचायचं इंजेक्शन आहे, पण ते आपल्याकडे मिळणं कठीण. आणि एक फवारा. रोज एकदा नाकात, आज उजवीकडे तर उद्या डावीकडे. हाडं भरायला गोळीइतका जोरकस नाही, पण मोडलेल्या मणक्याचं दुखणं त्याने उतरतं. नाक वाहतं, कधी घोळणा फुटतो, इतकंच.

हिने पहिल्यांदा तोंड उघडलं. "पोटात जात नाही ना काही?"

"नाही."

"मग तो द्या."

घरी येताना गाडीत म्हणाली, "तुमच्यावर राग नाही हो माझा. माझंच शरीर नाठाळ."

राग असता तर बरं झालं असतं.

४ मे, बुधवार

फवाऱ्याला नऊ दिवस झाले. हिची बोटं ते दाबायला मिटत नाहीत, म्हणून रोज सकाळी मीच मारतो. ही डोळे मिटून नाक वर करते, लहान मुलीसारखी. काल रात्री कूस बदलताना कण्हली नाही. आज उठून अंगणात झाडलोट केली.

साळुबाई दूध घालायला आली, तिने बघितलं. "ह्यो कसला फुस्सफुस्स? डास मारताय व्हय नाकातलं?"

ही हसून हसून वाकली. किती महिन्यांनी हसली.

९ मे, सोमवार

हे लिहू की नको म्हणून दोन दिवस वही उघडली नाही.

परवा दुपारी दुकानात सामसूम होती. फवाऱ्याच्या खोक्यातला कागद वाचायला घेतला. बारीक अक्षर, भिंगाखाली धरून एकेक शब्द. औषधाच्या नावापुढेच एक शब्द होता, सॅल्मन. शब्दकोशात बघितला. 'एक प्रकारचा मोठा मासा. त्याचे गुलाबी मांस खातात.'

कोश मिटला. पुन्हा उघडला. तेच.

जिने आयुष्यात अंधार पडल्यावर पाणी प्यायलं नाही, कांदा-बटाटा घरात आणला नाही, दिव्यावर पाखरू पडू नये म्हणून दिवाच लवकर मालवला, तिच्या नाकात मी बारा दिवस मासा घालतोय.

उठून सांगायला निघालो होतो. जिन्यापर्यंत गेलो. वरून तिचा आवाज आला, सुनेला सांगत होती, "आज न दुखता मांडी घालून बसता आलं गं. पाच महिन्यांनी." जिन्यावरच थांबलो. सांगितलं तर आत्ता बाटली गटारात जाईल. गोळी बंद, इंजेक्शन नाही. मग ही पुन्हा अंथरुणात, आणि मी शेजारी.

खाली आलो. कापडाची कात्री घेतली. या कात्रीने मी कुणाला कधी कागद कापू दिला नाही, धार मरते म्हणून. कागदावरची ती ओळ कापून काढली, पुढचं वाचायला जीवच झाला नाही. बाटलीवरही तो शब्द होता, त्यावर दुकानाचं लेबल चिकटवलं. हिने विचारलं तर म्हणालो, "ओळखायला बरं."

चिटोरा गिळून टाकावा असं वाटलं. गल्ल्याखाली सरकवला.

२ जून, गुरुवार

तूप सोडलं आहे. कुणाला काही सांगितलं नाही. आज ही ताट वाढताना म्हणाली, "तूप का नको? नेम केलाय का कसला?"

"पित्त होतं."

"तुम्हाला? दगड पचवणाऱ्या माणसाला?" माझ्याकडे बघत राहिली. मी भाजी मागितली.

२४ जुलै, रविवार

चातुर्मास सुरू झाला. जैन स्थानकात यंदा तीन महासतीजी, म्हणजे साध्वी, मुक्कामाला आल्या आहेत. ही स्वतःच्या पायांनी व्याख्यानाला जाते, कधी दोन दिवसांत एकदा, कधी रोज. पेठेतली माणसं मला थांबवून सांगतात, "दलीचंदभाई, भाभींची तब्येत छान केलीत हं." मी मान हलवतो आणि पुढे जातो.

आज तर कहर झाला. व्याख्यानानंतर ओट्यावर बायकांना सांगत होती, "नाकातलं औषध आहे, नुसता वारा. पोटात काही जातच नाही. महासतीजींना विचारलं, आजारपणात चालेल म्हणाल्या. उपासातसुद्धा घेते मी."

त्यात झुंबरबाई होत्या. हिच्याहून मोठ्या, हिच्याहून कडक, पंधरा वर्षं एकासनं करतात, म्हणजे दिवसातून एकदाच एका जागी बसून जेवायचं. त्यांचीही कंबर गेली आहे. म्हणाल्या, "दलीचंदभाई, मला पण त्या औषधाचं नाव लिहून द्या. आमचा मुलगा भगवंत उद्या येईल घ्यायला."

"मिळत नाही सध्या," मी म्हणालो.

हिने चमकून बघितलं. परवाच नवी बाटली आणली होती.

२५ जुलै, सोमवार

भगवंत आला. मी मागच्या दाराने गोदामात गेलो आणि प्रितमला सांगायला लावलं की भाऊ नाहीत. प्रितम विचारतो, "झालंय काय तुम्हाला?" गठ्ठ्यांमध्ये अर्धा तास उभा होतो. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस.

७ ऑगस्ट, रविवार

हिच्या नाकातून आज थोडं रक्त आलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच, कापसाने थांबलं. मला मात्र दरदरून घाम फुटला. ही उलट मलाच वारा घालत होती.

दूध घालता घालता साळुबाई म्हणाली, "त्या परीस आमच्यावानी चार बोंबील खा म्हनावं, हाडं लोखंडाची व्हत्यात!" मग स्वतःच्या कमरेवर थाप मारून, "आमी एवढं खाऊनबी वाकलोच की!"

ही हसली. मी नाही हसलो, ते साळुबाईच्या लक्षात आलं. खाली दुकानात येऊन बसली.

मी म्हणालो, "साळुबाई, समज, तुला कुणी न सांगता नको ते खाऊ घातलं..."

"कोन, माझी सून? ती रोजच घालती. काय हाय ते तिलाबी ठावं नसतं."

"चेष्टा नको. समज, तुझ्या भल्यासाठी घातलं, आणि तुला बरं वाटलं. मग कळलं. तर?"

चरवी खाली ठेवली तिने. "मंग तिच्या हातचं पानीबी प्यायची न्हाई."

"बरं वाटलं तरी?"

"खाल्ल्याचं काय, शेट, ते पचून जातं. पर तिनं मला येडी समजली, त्ये न्हाई पचत."

पाणी न पिता उठून गेली. मला वाटतं तिला काहीतरी कळलं असावं. की माझं मनच मला खातंय.

१ सप्टेंबर, गुरुवार

पर्युषण सुरू. हिने शेवटच्या तीन दिवसांचा तेला करायचं ठरवलं आहे, सलग तीन उपास, फक्त दिवसा उकळलेलं पाणी. आठव्या दिवशी संवत्सरी. संध्याकाळी प्रतिक्रमण झालं की वर्षभरात ज्याला ज्याला दुखवलं त्याची क्षमा मागायची. आम्ही नवरा-बायको दर वर्षी एकमेकांना हात जोडून 'मिच्छामि दुक्कडं' म्हणतो. पन्नास वर्षं मी ते दुकानातल्या 'या बसा'सारखं म्हणत आलोय.

यंदा तेल्याच्या तीनही दिवशी ती माझ्या हातून तो फवारा घेणार.

४ सप्टेंबर, रविवार

उद्या नारायणगावला जाणार, एकटा. संवत्सरीच्या आत औषध बदलून मागणार. बदललं की सांगेन. म्हणजे बाटली गटारात गेली तरी हातात दुसरं काही असेल. हा सौदाच झाला, मला कळतंय.

५ सप्टेंबर, सोमवार

डॉक्टरांकडे गर्दी होती. आत गेल्यावर आधी हिच्या पाठीचंच सांगत बसलो. मग एकदम सगळं बोललो. मासा, कात्री, लेबल, झुंबरबाई, गोदाम.

डॉक्टर ऐकत होते. कपाटातून त्याच औषधाचं खोकं काढलं आणि माझ्यापुढे बोट टेकवलं. "शेटजी, त्या शब्दाच्या पुढचा शब्द वाचलात का?"

भिंग नव्हतं, त्यांनी चष्मा दिला. अक्षरं लावली. सिंथेटिक.

तो शब्द मला शब्दकोशात बघायला नको. आमच्यातल्या बायका किडे मारून काढलेलं रेशीम नेसत नाहीत. त्यांना पन्नास वर्षं मी तोच शब्द सांगून साड्या विकल्या. 'घ्या निर्धास्त, सिंथेटिक आहे, कारखान्यातला धागा, जीव गेला नाही कुठला.'

"माशाच्या अंगात जे द्रव्य असतं, त्याच घडणीचं प्रयोगशाळेत तयार करतात," डॉक्टर म्हणाले. "बाटलीत मासा नाही. आधीच विचारायचंत ना!"

मी रडलो. टेबलावर डोकं ठेवून, बाहेर माणसं बसलेली असताना. डॉक्टरांनी पाणी दिलं. मला हलकं करावं म्हणून असेल, म्हणाले, "ती गोळीच लागू पडली असती तर ही वेळ आली नसती. त्यांना का सोसली नाही हेच कळत नाही. पाणी भरपूर, झोपणं नाही... नक्की काय करायच्या गोळीनंतर?"

"सामायिक. बसून. आणि वंदना."

"वंदना म्हणजे?"

मनात फार आनंद होता. खुर्ची सरकवून मी त्यांना करूनच दाखवली. गुडघे टेकले, हात जोडले, कपाळ फरशीला लावलं. उठलो तर डॉक्टर उभे होते.

"हे गोळी घेतल्यावर लगेच?"

"लगेच."

"किती वेळा?"

"सत्तावीस."

मलाच कळलं. पोट वर, घसा खाली. सत्तावीस वेळा. प्रत्येक रविवारी, दहा रविवार. मीच पेला दिला, मीच आसन घातलं, मीच म्हणालो की बघ कसं बसवलं. तिसऱ्या वंदनेला तिचं डोकं वर आलं नव्हतं आणि मी लिहून ठेवलं, भक्तीत रमली.

"पाठीलाही असं वाकणं बरं नव्हे," डॉक्टर हळू म्हणाले. "चूक माझीही आहे. मी 'आडवं होऊ नका' म्हणालो, 'वाकू नका' म्हणालो नाही."

ते ओझं वाटून घेत होते. पण त्यांना ठाऊक नाही, की हिने बाहेर आल्या आल्या विचारलं होतं आणि मी म्हणालो होतो, विचारायचं काय त्यात.

येताना गाडी वारूळवाडीच्या फाट्यावर बराच वेळ थांबली होती. वाटलं उतरावं आणि चालत राहावं.

८ सप्टेंबर, गुरुवार. संवत्सरी

मंगळवारीच सांगायचं होतं. तेल्याचा पहिला दिवस होता, ती शांत होती, मी सांगितलं नाही. काल पुन्हा नाही. तेही इथे लिहून ठेवतो.

संध्याकाळी प्रतिक्रमणाहून आलो. सून आणि प्रितम पाया पडून गेले. ही भिंतीला टेकून बसली होती, तीन दिवसांच्या उपासाने चेहरा एवढासा झालेला. माझ्याआधी तिनेच हात जोडले. "मिच्छामि दुक्कडं. वर्षभरात मनानं, वचनानं, कायेनं..."

"थांब," मी म्हणालो. "मला यंदा तसं म्हणता येत नाही."

जमिनीवर बसलो आणि सांगितलं. आधी मासा, मग सिंथेटिक, मग वंदना. बाटली आणली आणि तिच्यासमोर नखाने लेबल खरवडून काढलं. निम्मं निघालं, निम्मं चिकटून राहिलं.

तिने बाटलीकडे बघितलं. मग म्हणाली, "वंदनेचं मला कळलं होतं."

"काय?"

"दुसऱ्या रविवारीच. वाकले की वर यायचं, आंबट, कडू. मला वाटलं, तुम्ही वाचलंय सगळं, म्हणजे असंच असेल. कागद तुम्ही वाचता ना."

मी खाली बघत होतो.

"आणि मासा बाटलीत नव्हता?"

"नव्हता. डॉक्टरांनी दाखवलं."

"पण तुम्हाला तर होता असंच वाटत होतं."

"हो."

"तरी रोज सकाळी हात थरथरला नाही तुमचा. मी नाक वर करत होते, तुमच्याकडे बघून." आवाज जराही चढला नाही. "मला लागला नाही तो मासा. तुम्हाला लागला. चार महिने तुम्ही मनात मासा धरून माझ्या नाकाशी आणत होतात."

"तुझं दुखणं बघवत नव्हतं मला."

"माझं दुखणं होतं. सोसायचं की नाही, मी ठरवलं असतं. कदाचित घेतलाही असता फवारा, कोण जाणे. तुम्ही विचारलंच कुठे?"

हात जोडलेलेच होते तिचे. सोडले, आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मी मिच्छामि दुक्कडं म्हणालो, तिने उत्तर दिलं नाही. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

९ सप्टेंबर, शुक्रवार

पारणं झालं. मुगाचं पाणी सुनेच्या हातून प्यायली. फवाराही सुनेलाच मारायला सांगितला. मी माजघरात बसून तो आवाज ऐकला.

मग प्रितमला बोलावून म्हणाली, "झुंबरबाईंकडे जा. औषधाचं नाव दे आणि सगळं सांग. कसं करतात, त्यात काय आहे, नाकातून रक्त येतं, सगळं. आणि सांग, भाऊ त्या दिवशी गोदामात होते."

प्रितमने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तो गेला.

१६ सप्टेंबर, शुक्रवार

आज ती, मी आणि प्रितम डॉक्टरांकडे. यावेळी मी एक शब्द बोललो नाही. हिने विचारलं. गोळीने हाडं जास्त भरतात का? भरतात. जखम भरली असली तर पुन्हा घेता येईल का? पुण्याला दुर्बिणीने बघू, भरली असेल तर जपून घेऊन बघता येईल, पण जळजळलं की त्याच दिवशी बंद. दातांचं काय, ही दाढ हलते माझी? डॉक्टर जरा चकित झाले. म्हणाले, या गोळ्यांनी जबड्याला त्रास झाल्याच्या थोड्या बातम्या आहेत, दाढ काढायची तर आधी काढून घ्या. आणि फवारा चालूच ठेवला तर? दुखणं आवरेल, हाडं फार भरणार नाहीत.

"मग वंदना?"

"त्या खुर्चीत बसून, नुसती मान लववून करा. आणि गोळीच्या आधी."

"बसून वंदना," ही पुटपुटली. पहिल्यांदा तेव्हा डोळ्यांत पाणी आलं तिच्या. माशासाठी आलं नव्हतं.

मग म्हणाली, "दाढ आधी. मग दुर्बीण. भरलं असेल तर गोळी, तोपर्यंत फवारा." माझ्याकडे बघितलं नाही. मीही मधे पडलो नाही. खिडकीतून बाहेर टोमॅटोच्या गाड्या बघत होतो आणि वाटत होतं, हे फेब्रुवारीतच झालं असतं. एवढंच तर होतं.

२५ सप्टेंबर, रविवार

दाढ काढली. गाल सुजला आहे, चिडचिड करते. सुनेवर एकदा ओरडली, ते ऐकून बरं वाटलं.

आज सकाळी सून दुधाशी अडकली होती. मी माजघरात नेहमीच्या जागी. ही खुर्चीत बसून बाटली हातात घेऊन वाट बघत होती. सुनेला दोनदा हाक मारली. मग बाटली माझ्याकडे पुढे केली.

मी उठलो.

"आधी वाचा," ती म्हणाली. "नव्या खोक्यातला कागद आहे. पहिल्यापासून."

भिंग आणलं. वाचायला लागलो, एकेक ओळ मराठीत सांगत. नाव, तो शब्द, त्याच्या पुढचा शब्द. उघडण्याआधी फ्रिजमध्ये ठेवा. नाक कोरडं पडेल, रक्त येईल, डोकं दुखेल, मळमळेल. ती मान हलवत होती, गालावर हात धरून. चौथ्या ओळीत एक लांबलचक शब्द आला. एरवी मी तो गिळून पुढे गेलो असतो, किंवा काहीतरी ठोकून दिलं असतं. कोशाकडे हातही गेला होता.

"हा मला येत नाही," मी म्हणालो.

"मग डॉक्टरांना फोन करून विचारा."

"रविवार आहे. उचलायला वेळ लागेल."

बाटली तिने मांडीवर ठेवली आणि खुर्चीला पाठ टेकली.

"मी थांबते," म्हणाली.